सात फूट सात इंच

संपादकांचं पत्र आलं तेव्हा आमच्या घरी सगळ्यात जास्त हसली ती पद्मा. पद्मा म्हणजे माझी बायको. तिनं पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा म्हणतात. मग मी लिहू की तुम्ही लिहिणार?"

तिचं हसणं रास्त आहे. मी गोविंद राव, राहणार तंजावूर, धंदा इंटिरियर डिझाइनचा. राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या नावाची पाटी आहे आणि त्या पाटीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'डिझायनर' लिहिलंय. या विषयातलं माझं एकूण शिक्षण मात्र कॉलेजातले दोन पेपर आणि एक प्रॅक्टिकल एवढंच. पदवी अर्थशास्त्राची. आमच्याकडे मुख्य विषयाला मेजर म्हणतात आणि त्याच्या शेपटीला बांधलेल्या दुसऱ्या विषयाला अलाइड. हल्लीची पोरं मायनर म्हणतात. नाव बदललं, तरी शेपूट ते शेपूटच. माझ्या बाबतीत कुत्रा कुठं गेला कोण जाणे, शेपटीवर अठ्ठावीस वर्षं पोट भरतोय.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. आमची मराठी पिढ्यान्पिढ्या तमिळच्या शेजारी नांदलेली आहे. घरात बोलतो मराठी, भाजी आणतो तमिळमध्ये, भांडतो दोन्हीत. देवनागरी मला अप्पांनी मारून मुटकून शिकवली, त्यामुळे चुका संपादकांनी दुरुस्त केल्या असतील. माझ्या हातून झालेल्या बाकीच्या चुका दुरुस्त करणं त्यांनाही जमायचं नाही.

तर अलाइड. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी दोन तास उशिरा पोचलो. स्टॅटिस्टिक्सच्या जागा भरल्या होत्या, कॉम्प्युटरच्याही. क्लार्क म्हणाला, "सार, इंटिरियर डिझाइन आहे." मी विचारलं, "त्यात काय असतं?" तो म्हणाला, "जागा असते." मी सही केली.

वर्गात गेलो तर चाळीस मुली आणि मी. हा विषय होम सायन्स विभागाचा, हे क्लार्कनं सांगितलं नव्हतं. शिकवायला कल्याणी मिस. बुटक्या, सुती साडी, कमरेला खोचलेली मापाची टेप. त्या पुस्तकातून फार थोडं शिकवायच्या. त्यांचा एकच हट्ट होता: कागदावर रेघ मारायच्या आधी त्या खोलीत एक दिवस बसा. कोण कुठं बसतं, कुठं आडवं होतं, कुठं भाजी निवडतं, कुठं रुसून बसतं, ते बघा. "खोली माणसं काय करतात त्याची असते," असं त्या तमिळमध्ये म्हणायच्या, आणि सगळ्या मुली लिहून घ्यायच्या. मी खिडकीतून बस स्टँड बघायचो.

एकदा मी असाच उशिरा आलो. मिसनी दारातच थांबवलं आणि म्हणाल्या, "ये. इथं वर्गाच्या मधोमध साष्टांग नमस्कार घाल." मी घातला. चाळीस मुली फिसकन हसल्या. मिसनी मला तसंच पडून राहायला सांगितलं, आणि कोणीतरी माझ्या टाचेपाशी आणि कोणीतरी बोटांपाशी काहीतरी खुडबुड करत होतं. फरशीला फिनाईलचा वास होता. उशिरा येण्याची असली शिक्षा जगात कुणाला झाली नसेल, असं मला वाटलं. उठलो, कपडे झाडले आणि महिनाभर त्या वर्गात मान वर केली नाही. पुढं मात्र वेळेवर जायला लागलो, म्हणजे शिक्षा लागू पडली.

आमच्याकडे प्रॅक्टिकलला रेकॉर्ड नोट लागते. वर्षभर केलेली सगळी चित्रं, मापं, नकाशे एका जाड वहीत काढायचे, बाईंची सही घ्यायची आणि ती वही परीक्षेला न्यायची. रेकॉर्ड नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा माझ्या वहीत पहिल्या पानावर माझं नाव होतं, बस्स. आमच्याच गल्लीतली, मराठी बोलणारी, वर्गात पहिली येणारी एक मुलगी होती. मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "तुला लाज नाही?" मी म्हटलं, "आहे, पण वेळ नाही." तिनं स्वतःच्या वहीवरून माझी पूर्ण वही काढून दिली. तीच पद्मा.

आता ती मला एरवी 'तुम्ही' म्हणते. चूक पकडली की कॉलेजातला 'तू' बाहेर येतो.

ती वही मी मिसकडे दिली, सही होऊन परत आली, परीक्षेला नेली, काठावर पास झालो, आणि वही माळ्यावर गेली. उघडून बघितली असं मला आठवत नाही. जिला हा विषय येत होता ती विमा कंपनीत कारकून झाली आणि ज्यानं वही उघडली नाही तो डिझायनर झाला. आमच्या संसाराची ही व्यवस्था दोन्ही घरच्यांना कळली नाही, नाहीतर लग्न जमलं नसतं.

डिझायनर कसा झालो? काकांचं प्लायवूडचं दुकान होतं, तिथं बसायला लागलो. गिऱ्हाईक विचारायचं, "हा कुठला रंग बरा दिसेल?" मी कुठलातरी सांगायचो. काका म्हणायचे, "आमचा पोरगा हेच शिकलाय." हे दहा-बारा वेळा झाल्यावर माझाही विश्वास बसला.

बाहेरच्यांना या धंद्याबद्दल काय सांगू? लोकांना वाटतं, आम्ही घर सुंदर करतो. आमचं खरं काम नवरा-बायकोच्या भांडणात मध्ये उभं राहणं. त्याला मोठा टीव्ही हवा, तिला भांड्यांचं कपाट. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांना एव्हरसिल्व्हर म्हणतात, आणि लेकीच्या लग्नासाठी जमवलेलं एव्हरसिल्व्हर ठेवायला जागा काढणं म्हणजे आमच्या धंद्यातली अग्निपरीक्षा. दुसरं काम म्हणजे सुतार. माझा सुतार मुरुगेसन आसारी, भला माणूस. माझा नकाशा हातात घेऊन तो नेहमी एकच विचारायचा, "सार, हे उलटं धरलंय की असंच आहे?"

कालव्याकाठच्या एका गावच्या तांदूळ गिरणीवाल्यानं मला बेडरूम करायला बोलावलं. त्याला टीव्ही मालिकेत बघितलेली हुबेहूब तशीच हवी होती. मी केली. गोल पलंग, वर आरसे, जांभळे दिवे. महिन्यानं गेलो तर पलंगावर भाताची पोती रचलेली आणि तो स्वतः ओट्यावर चटई टाकून पडलेला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "त्या खोलीत झोपलं की कुणीतरी बघतंय असं वाटतं. पोत्यांना काही वाटत नाही." मला राग आला पाहिजे होता, पण पोती रचायला गोल पलंग सोयीचा पडला, हे मी पाटीखाली लिहायचा विचार केला.

आणि मग श्रीनिवास मामांचं घर आलं. हे मामा नात्यातले नाहीत, गल्लीतले. निवृत्त हेडमास्तर, चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ. त्यांचा एकुलता मुलगा मुकुंद कोइमतूरला नोकरी करतो. त्यानं आपल्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं. मामा लग्नाला गेले नाहीत. वर म्हणाले, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." मुकुंदनं सात वर्षं टाकलं नाही. मामी बहिणीच्या घरी जाते म्हणून सांगायच्या आणि लेकाला भेटून यायच्या. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, मामांनाही. कोणी बोलत नव्हतं.

गेल्या वर्षी मामांनी स्वतः मुकुंदला फोन केला. म्हणाले, "दिवाळीला ये. तुझ्या मुलीला घेऊन ये." एवढंच. फोन ठेवला आणि मला बोलावणं धाडलं. "गोविंदा, हॉल नीट कर. त्यांना इथं राहावंसं वाटलं पाहिजे."

त्यांच्या हॉलमध्ये एक झोपाळा होता, वेताच्या दोन खुर्च्या, आणि कोपऱ्यात गुंडाळलेली चटई. बाकी लाल गुळगुळीत जमीन. मामा म्हणाले, "मधला भाग मोकळा असू दे."

मी त्यांना काय सांगितलं असेल? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "मामा, मोकळ्या जागेला आमच्या शास्त्रात मेलेली जागा म्हणतात." मामा हेडमास्तर. शास्त्र म्हटलं की गप्प बसणारे. गप्प बसले.

स्वयंपाकघरात माप घेत होतो तेव्हा मामींनी हळूच सांगितलं, "यांना तोंडानं बोलता येत नाही रे. चुकलो म्हणायचे नाहीत, मरेपर्यंत. मी मुकुंदाला सांगितलंय, दिवाळीचं स्नान झालं की सरळ येऊन नमस्कार घाल. हे डोक्यावर हात ठेवतील. तिथं संपलं सगळं. सात वर्षं तो हात तसाच राहिलाय." मामींनी पदरानं डोळे पुसले. माझेही भरून आले, खोटं कशाला सांगू. मी "होय मामी, होय" म्हटलं आणि ओट्याची उंची लिहून घेतली. त्या बोलण्याचा हॉलच्या जमिनीशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

संध्याकाळी पद्मानं विचारलं, "एक दिवस बसलात त्या घरात?"

"वेळ कुठाय? दिवाळी तोंडावर आली," मी म्हटलं.

मी काय केलं ते ऐका. दोन भिंतींना लागून एल आकाराचा सोफा, जमिनीत स्क्रूनं पक्का. समोरच्या भिंतीला पूर्ण रुंदीचं टीव्ही युनिट. मधोमध काचेचं टेबल, ते मात्र असं जड की उचलायला माणसं लागावीत. सगळीकडून चालायला दोन दोन फूट, पुस्तकाप्रमाणे. झोपाळा काढून परसात ठेवला. चटई मामींना देऊन टाकली. मुरुगेसन आसारी जाताना म्हणाला, "छान झालंय सार. फक्त इथं माणसं कुठं राहणार?" मी हसलो. कारागिरांच्या थट्टेला किती मनावर घ्यायचं?

दिवाळीच्या सकाळी मामांनी मला आणि पद्माला कॉफीला बोलावलं होतं. मुकुंदला दाखवायचं होतं, तुमच्यासाठी घर यानं सजवलं. आमच्याकडे दिवाळीला पहाटे तेल लावून अंघोळ, त्याला गंगास्नान म्हणायचं, मग नवे कपडे, मग मोठ्यांना आडवं पडून साष्टांग नमस्कार, मग पोटाला बरं म्हणून चमचाभर तिखटगोड लेह्य, आणि त्याच्यानंतर काय हवं ते खायचं. आम्ही पोचलो तेव्हा मामी लेह्याची वाटी घेऊन उभ्या होत्या. मुकुंद आदल्या संध्याकाळीच आला होता, बायको शर्मिला आणि पाच वर्षांची तारा यांना घेऊन. रात्री जेवणं झाली होती. बापलेक एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते, हे मामींच्या तोंडावरून दिसत होतं.

मामा नवं वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, नेसून हॉलमधल्या देवांच्या तसबिरींपाशी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. मुकुंद आतून आला. केस ओले, सहा फुटांचा गडी. तो थेट वडिलांसमोर आला आणि वाकायला लागला, आणि थांबला.

पुढं काचेचं टेबल. त्यानं डावीकडे पाहिलं. सोफा. उजवीकडे वळला, तर डोकं टीव्ही युनिटखाली जाणार. मागं सरकून बघितलं, तर पाय सोफ्यावर चढणार. दुसऱ्या बाजूनं घालावा, तर पाय देवांकडे होतात. तो एकदा असा वळला, एकदा तसा. त्या हॉलमध्ये बारा माणसं बसू शकत होती. एका माणसाला वडिलांच्या पायाशी आडवं व्हायला जागा नव्हती.

मामांचा उजवा हात थोडा वर आला होता. तो तसाच राहिला.

मुकुंदचं तोंड उतरलं. त्यानं उभ्या उभ्या हात जोडले, बँकेतल्या मॅनेजरला जोडावेत तसे, आणि म्हणाला, "बरंय अप्पा." मामांनी हात खाली घेतला. म्हणाले, "बरंय." मामींनी लेह्याची वाटी युनिटवर ठेवली आणि तोंड फिरवलं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण जमीन होती कुठं? सगळी मीच झाकली होती.

माझ्या दंडाला चिमटा बसला. पद्मा. दातांवर दात ठेवून म्हणाली, "टेबल उचल. तू उचल."

नव्या शर्टात, नव्या वेष्टीत मी टेबलाला हात घातला. हललं नाही. आयुष्यात फर्निचर मी नुसतं बोटानं दाखवलं होतं. शर्मिला पुढं आली आणि तिनं दुसरं टोक धरलं. आम्ही टेबलाची वरची काच बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली. परत आलो तर टेबलाचा ग्रॅनाइटचा पाया तसाच बसलेला, आणि तो काढला तरी सोफा दोन फूट पुढं आलेला. "स्क्रूड्रायव्हर आहे का?" मी विचारलं. मामांनी खणातून काढून दिला. मी सोफ्याखाली शिरलो आणि स्क्रू पिळायला लागलो. बराच वेळ पिळला. मुकुंद माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "सार, तुम्ही घट्ट करताय."

त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. खाली अंधार होता. मामा टॉर्च घेऊन आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे हेडमास्तर, गुडघे टेकून, मग कोपर टेकून, लेकाच्या डोक्याशेजारी डोकं घालून सोफ्याखाली उजेड धरायला लागले.

"अजून डावीकडे," मुकुंद म्हणाला.

"इथं?"

"हं. अप्पा, तुमच्या गुडघ्याला त्रास होईल. उठा तुम्ही."

"होऊ दे. तू काढ."

फोनवरचं ते बोलावणं आणि मघाचं 'बरंय' सोडलं, तर सात वर्षांत हे त्यांचं पहिलं बोलणं. मी ऐकलं, कारण मी तिथंच पालथा पडलो होतो आणि माझी कंबर धरली होती.

सोफ्याचा एक हात सुटला. बापलेकांनी दोन टोकांना धरून तो बाहेर काढला. "उंबरा आहे, सांभाळ," मामा म्हणाले. "तुम्ही सांभाळा," मुकुंद म्हणाला. ओट्यावर ठेवेपर्यंत बाहेर पावसाची झड आली आणि माझा उंची कापडाचा सोफा भिजायला लागला. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

मग मुकुंद परत आला, ओले हात पुसले, आणि लाल जमिनीवर पूर्ण लांब झाला. हात पुढं, कपाळ खाली. मामांनी वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला. मामींना रडू आवरेना. मामा म्हणाले, "ऊठ रे." मग शर्मिलानं नमस्कार केला, मग तारानं. तारानं चारदा केला, कारण तिला घसरून जायला मजा येत होती.

शेवटी मामा माझ्याकडे वळले. मला वाटलं आता हेडमास्तर छडी काढणार. ते म्हणाले, "तूही घाल."

मी घातला. कपाळ जमिनीला लागलं. सकाळी मामींनी पुसलेली जमीन, फिनाईलचा वास. आणि त्या वासाबरोबर मला चाळीस मुलींचं हसणं ऐकू आलं. टाचेपाशी कोणीतरी, बोटांपाशी कोणीतरी. ते खुडबुड करणं म्हणजे काय होतं, ते मला इतक्या वर्षांनी, तिथं पालथा पडल्यावर कळलं. त्या टेप धरत होत्या. मिसनी शिक्षा केलीच नव्हती. वर्गात पुरुषमाणूस मी एकटा होतो, म्हणून मला माप म्हणून वापरलं होतं.

घरी आल्या आल्या मी माळ्यावर चढलो. पद्मा खालून म्हणाली, "आता काय पाडताय?" धुळीनं भरलेली रेकॉर्ड नोट सापडली. पानं उलटली. पद्माचं अक्षर, पद्माच्या रेघा. हॉलचा नकाशा आला. खुर्च्या, दिवाण, कपाट, आणि देवांसमोर एक रिकामा चौकोन, आठ फूट बाय तीन. त्यात बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं: नमस्काराची जागा, काही ठेवू नये. खाली टीप: हात पुढे ताणून पुरुषाची लांबी सात फूट सात इंच, वर्गात प्रत्यक्ष मोजली, गोविंद.

बाजूला लाल शाईत कल्याणी मिसचा शेरा. सही झालेली वही परत घेऊनही मी तो कधी वाचला नव्हता. 'हे तुला समजलं असेल, तर तुला आणखी काही शिकवायचं उरलं नाही.'

मी पद्माला दाखवलं. म्हटलं, "बघ, केवढा शेरा मिळाला तुला."

तिनं वही हातात घेतली, वाचलं आणि म्हणाली, "माझ्या वहीत हेच चित्र होतं. तिथं नुसतं 'गुड' लिहिलं होतं त्यांनी. हा शेरा मला नव्हता रे. त्यांना ठाऊक होतं ही कुणी काढली. हा तुझ्यासाठी होता."

आता मी नकाशा काढायच्या आधी गिऱ्हाइकाच्या घरी एक पूर्ण दिवस बसतो. लोकांना वाटतं, राव आळशी झाले, नुसते कॉफी पितात. मामांच्या हॉलमध्ये झोपाळा परत आलाय, मधली जमीन मोकळी आहे, आणि घर कुणी केलं असं कोणी विचारलं की मामा सरळ माझं नाव सांगतात. ऐकून माणसं रिकाम्या जमिनीकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

वही आता माळ्यावर नाही, माझ्या टेबलावर असते. अधूनमधून उघडतो. त्या अख्ख्या वहीत माझ्या स्वतःच्या अशा दोनच गोष्टी आहेत. पहिल्या पानावरचं नाव, आणि त्या चौकोनात पालथा पडलेला मी, सात फूट सात इंच.